चार नावे, एक प्रकल्पवही

शाळेच्या प्रकल्पवहीच्या मुखपृष्ठावर चार नावे असतात. 'पाणी वाचवा' किंवा 'आपले किल्ले' असा विषय, स्केचपेनने काढलेली चौकट, आत स्टेशनरीच्या दुकानातून आणून चिकटवलेली रंगीत चित्रे. वही केलेली असते एकाने. कधीकधी त्याच्या आईने. दुसऱ्याने कार्डपेपर आणलेला असतो, तिसऱ्याने डिंक, आणि चौथ्याला विषय काय होता ते तोंडी परीक्षेच्या दिवशी कळते. गुण मात्र चौघांना सारखे. तक्त्यात 'गटकार्य'पुढे बरोबरची खूण पडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यात दोष चौथ्या मुलाचा, असे म्हणून आपण विषय संपवतो. पण तो मुलगा काही शिकला काय, न शिकला काय, बाकी तिघांचे काहीच अडत नव्हते. उलट त्याला शिकवत बसण्यात वेळ गेला असता. म्हणजे ज्या रीतीने काम दिले गेले, त्या रीतीला चौघेही अगदी शहाणपणाने वागले. माणसे एकत्र आली की त्यांच्यात काय घडते याचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नाची बरीच उकल केली आहे. तिचा रोख मुलांच्या स्वभावाकडे फारसा नाही. ध्येय कसे बांधले आहे, माझे यश तुझ्या यशाला जोडलेले आहे की तुझ्या अपयशाला, यावर गटाचे शिकणे ठरते.

सुरुवात एका दोरखंडापासून करावी लागते. माक्स रिंगेलमान हा फ्रान्समधला शेतीच्या यंत्रांचा अभ्यासक. माणसे, बैल, यंत्रे यांच्याकडून किती काम निघते हे मोजणे हा त्याचा उद्योग. 1880च्या दशकात त्याने माणसांना एकेकट्याने आणि मग गटाने ओढायला लावले आणि जोर मोजला. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याने ओढताना लावलेल्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आलेला दिसला. ही निरीक्षणे छापून आली 1913 साली. सगळ्यांचा जोर एका क्षणी लागत नाही म्हणून असे होते, असे रिंगेलमानला मुख्यतः वाटले. ते खरेही आहे, पण अर्धेच. 1979 साली बिब लाताने याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितले. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. काही वेळा विद्यार्थ्याला सांगायचे की तुझ्याबरोबर आणखी पाच जण ओरडत आहेत; प्रत्यक्षात तो एकटाच असायचा. तरी त्याचा आवाज कमी भरला! इथे ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरे आहेत एवढ्या समजुतीनेच घसा आखडता घेतला गेला. पुढच्या प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की गटात असलात तरी प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाईल. अंगचोरपणा जवळजवळ नाहीसा झाला.

प्रकल्पवहीतल्या चौथ्या मुलाचा आवाज कोणी मोजत नव्हते.

मात्र दोर ओढणे म्हणजे शिकणे नव्हे. शिकण्याच्या बाबतीत ध्येयाचा प्रश्न नेमकेपणाने मांडला तो मॉर्टन डॉइच या तरुण अमेरिकन संशोधकाने. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकी विमानात दिशादर्शक होता. परत येऊन एमआयटीमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्याकडे संशोधन करू लागला तेव्हा हिरोशिमा ताजे होते आणि संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद नुकतीच स्थापन झाली होती. परिषदेतली पाच बडी राष्ट्रे एका टेबलाभोवती बसून एकमेकांना सांभाळून घेतील की एकमेकांवर कुरघोडी करतील, हा विचार त्याच्या मनात घोळत होता. राष्ट्रांवर प्रयोग करता येत नाही, विद्यार्थ्यांवर येतो. त्याने मानसशास्त्राच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे गट केले. निम्म्या गटांना सांगितले की तुमच्या गटाची तुलना इतर गटांशी होईल आणि जी श्रेणी गटाला मिळेल तीच पाचही जणांना. उरलेल्यांना सांगितले की तुमच्यातच पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लागतील. काम दोघांनाही तेच: आठवड्यातून एकदा बसून कोडी सोडवायची, माणसांच्या व्यवहारातल्या अडचणींवर तोडगा सुचवायचा.

पहिल्या प्रकारच्या गटांत लोक एकमेकांचे नीट ऐकत होते, एकाचे म्हणणे दुसऱ्याला लवकर कळत होते, कामाची वाटणी होत होती, मैत्रीही अधिक होती. दुसऱ्या प्रकारच्या गटांत प्रत्येक जण बोलायचा, पण दुसऱ्याच्या बोलण्यातले उपयोगाचे उचलायला कोणी तयार नसायचा. 1949 साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून डॉइचने एक साधा सिद्धान्त मांडला. तू पोहोचलास तरच मी पोहोचणार, अशी बांधणी असेल तर मी तुला हात देईन, तुझ्या कामाला माझे काम समजेन, तुझी टीकाही सहन करीन. तू पडलास तरच मी पोहोचणार, अशी असेल तर तुझ्या चुकीचा मला आनंद होईल आणि मला येणारे उत्तर मी झाकून ठेवीन. तिसरी शक्यता, तुझे तुझ्यापाशी आणि माझे माझ्यापाशी. शिकवणीच्या वर्गात शेजारी बसलेली, एकमेकांची नावेही माहीत नसलेली मुले हे या तिसऱ्या प्रकाराचे आपल्याकडचे उदाहरण म्हणता येईल.

1954 हे या विषयातले मोठे विलक्षण वर्ष. मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात लिहिले की दोन समाजांना नुसते जवळ आणून द्वेष कमी होत नाही. दर्जा समान हवा, ध्येय सामाईक हवे, त्यासाठी मिळून काम करावे लागायला हवे आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. आणि त्याच उन्हाळ्यात ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञाने 22 मुलांचे एक शिबिर भरवले.

तो प्रयोग इतक्यांदा सांगितला गेला आहे की थोडक्यात आटोपतो. अकराएक वर्षांच्या मुलांचे दोन गट, आठवडाभर एकमेकांची गाठ नाही; मग सामने, बक्षिसे, आणि बघता बघता झेंडे जाळणे, खोल्यांवर धाड. शेरीफने आधी त्यांना एकत्र जेवायला बसवून पाहिले. मुलांनी एकमेकांना अन्न फेकून मारले. मग शिबिराचे पाणी तुटले, सिनेमा आणण्यासाठी पैसे कमी पडले, जेवण आणणारा ट्रक सुरू होईना. यातले काहीच एका गटाला एकट्याने सुटण्यासारखे नव्हते. ट्रक ओढला तो रस्सीखेचीच्या दोराने, दोन्ही गटांनी एकाच बाजूने. घरी जाताना मुलांनी एकाच बसने जायचे ठरवले. गोष्ट गोड आहे आणि म्हणूनच थोडे सावध राहावे. जीना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेने नंतर कागदपत्रे धुंडाळून दाखवले की आदल्या वर्षी शेरीफचा असाच एक प्रयोग फसला होता. तिथली मुले आपापसांत भांडायलाच तयार होईनात. उलट मोठ्यांवरच संशय घेऊ लागली. रॉबर्स केव्हमध्ये मोठ्यांचा हात पडद्यामागे बराच होता. तरी एक गोष्ट उरतेच. पंगतीला शेजारी बसवून जे झाले नाही, ते अडलेला ट्रक ओढताना झाले.

शाळेत असा ट्रक कुठून आणायचा? या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, 1971 साली. न्यायालयाच्या निकालाला सतरा वर्षे झाल्यावर तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि काही आठवड्यांत हाणामाऱ्या सुरू झाल्या. शाळाखात्याने विद्यापीठातल्या एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाला बोलावले. ॲरनसन आणि त्याचे विद्यार्थी पाचवी-सहावीच्या वर्गांत मागे बसून नुसते बघत राहिले. त्यांना जे दिसले ते आपल्यालाही पाठ आहे. बाई प्रश्न विचारतात, सहा-सात हात वर जातात, काही मुले बाकावरून अर्धवट उठून हात हलवतात. एकाचे नाव घेतले की बाकीच्यांचा हिरमोड. तो चुकला की पुन्हा हात वर, चेहरे खुललेले. आणि मागच्या बाजूला काही मुले बाईंची नजर चुकवत, आपण अदृश्य व्हावे अशी प्रार्थना करत बसलेली. वर्गातले सगळ्यांत मौल्यवान काही असेल तर ती बाईंची शाबासकी, आणि ती एका वेळी एकालाच मिळणार. मुळातच तुटपुंज्या साधनांच्या शाळांतून आलेली, घरी दुसरी भाषा बोलणारी मुले या शर्यतीत उभी केल्यावर गोऱ्या मुलांच्या मनातला 'ही मुले ढ असतात' हा समज रोज सकाळी पक्का होत होता.

ॲरनसनने उपदेश केला नाही. धड्याचे तुकडे केले. एलिनोर रूझवेल्ट यांचे चरित्र शिकवायचे आहे. वर्गाचे पाच-सहा जणांचे मिश्र गट करायचे आणि चरित्राचे तितकेच भाग. एकाकडे बालपण, दुसऱ्याकडे लग्नानंतरचा काळ, तिसऱ्याकडे राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून केलेले काम, असे. प्रत्येकाला आपला तेवढाच भाग मिळणार. वेगवेगळ्या गटांतली एकच भाग मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो नीट समजून घेणार, कसा सांगायचा ते ठरवणार, आणि मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवणार. परीक्षा मात्र संपूर्ण चरित्रावर आणि प्रत्येकाची स्वतंत्र. इंग्रजीत याला 'जिगसॉ' म्हणतात, तुकडे जोडून चित्र पुरे करण्याच्या खेळावरून.

कार्लोस या टोपणनावाने ॲरनसनने सांगितलेला एक मुलगा या प्रयोगाचा खरा नायक. इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा. वर्गात तोंड उघडले की हसू होते हे त्याला अनुभवाने कळलेले, म्हणून गप्प राहणे त्याने अंगी बाणवलेले. बाईंनीही कनवाळूपणे त्याला प्रश्न विचारणे सोडून दिले होते. आता त्याचा तुकडा त्याच्याकडेच होता. तो अडखळला, अंग आक्रसून बसला, आणि सवयीने बाकीची मुले टोमणे मारू लागली. तिथे फिरत असलेल्या मदतनीस बाईंनी रागावून काहीच म्हटले नाही. फक्त एवढे लक्षात आणून दिले की हवे तर त्याला चिडवा, पण त्यामुळे चरित्राचा तो भाग तुम्हाला कळणार नाही आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे. काही दिवसांत मुलांचा सूर बदलला. कार्लोसकडून माहिती काढून घ्यायची तर त्याला नेमके, सोपे प्रश्न विचारायला हवेत हे त्यांना कळले. ती एखाद्या चांगल्या मुलाखतकारासारखी विचारू लागली. कार्लोस सैलावला, त्याचे बोलणे सुधारले. आणि मुलांना शोध लागला की हा ढ वगैरे नाही. त्यांना तो आवडायला लागला तो या क्रमाने: आधी गरज, मग विचारपूस, मग ओळख, मग मैत्री. आपण सहसा हा क्रम उलटा धरतो. आधी मुलांच्या मनात बंधुभाव जागवू, मग ती आपोआप एकमेकांना मदत करतील, असे आपले फलकांवरचे तत्त्वज्ञान.

काही आठवड्यांनी तपासले तेव्हा या वर्गांतल्या मुलांना एकमेकांविषयी अधिक आपुलकी वाटत होती आणि स्वतःबद्दलचे मत सुधारले होते. काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे परीक्षेतले गुण नेहमीच्या वर्गांतल्या तशाच मुलांपेक्षा वाढले. गोऱ्या मुलांचे गुण घटले नाहीत. हुशार मुलाला गटात घातले की त्याचे नुकसान होते, ही पालकसभेत हमखास ऐकू येणारी भीती तरी इथे खोटी ठरली.

पण ऑस्टिनच्या या पद्धतीचे जगभर इतके कौतुक झाले की ती म्हणजे हुकमी औषध असे समजले गेले. ते तसे नाही. अलीकडे फ्रान्समधल्या संशोधकांनी सहावीच्या वर्गांत ती काटेकोरपणे तपासली आणि 2022 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले; गुणांमध्ये म्हणावा असा फायदा दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. तुकड्याची पद्धत एका धाग्यावर लटकते: ज्याच्याकडे तुकडा आहे त्याने तो नीट शिकवला पाहिजे. अकरा वर्षांच्या मुलाला ते जमतेच असे नाही. नाही जमले तर गटातल्या सगळ्यांचे चित्र त्या जागी कोरे राहते आणि भरून काढायला दुसरे कोणी नसते. शिवाय आपला तुकडा चांगला येतो, दुसऱ्यांचे कसेबसे, असेही होते. द्वेष वितळवण्यासाठी जी रचना उत्तम, तीच गणिताचा धडा समजण्यासाठी उत्तम असेल असे नाही.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लेव्हिन इथे जास्त व्यवहारी. त्यांच्या पद्धतीत सगळ्यांना सगळा धडा बाई आधी शिकवतात. मग चार जणांचा मिश्र गट सराव करतो. मग चाचणी, एकेकट्याने, कुजबुज न करता. प्रत्येकाचे गुण त्याच्याच आधीच्या सरासरीशी ताडून पाहायचे; वाढ किती झाली तेवढे गुण गटाच्या खात्यात. यातली खुबी अशी की नेहमी पस्तीस मिळवणाऱ्याने पन्नास मिळवले तर तो गटाला नव्वदवाल्याइतके, कधी त्याच्याहून जास्त मिळवून देतो. मग नव्वदवाली मुलगी त्याला उत्तर सांगून मोकळी होत नाही, कारण चाचणीच्या वेळी ती त्याच्या शेजारी नसणार. त्याला समजेपर्यंत समजवावे लागते. 1995 साली स्लेव्हिन यांनी सहकारी शिक्षणाच्या अभ्यासांचा आढावा घेतला. प्रत्येकाच्या शिकण्याची बेरीज करून गटाला श्रेय देणाऱ्या 64 अभ्यासांपैकी 50 मध्ये ठळक फायदा आढळला. सगळ्यांनी मिळून एकच वस्तू तयार करायची, एकच अहवाल लिहायचा, अशा गटांत मात्र जवळजवळ काहीच हाती लागले नाही. म्हणजे आपली प्रकल्पवही.

समजावणे या क्रियेबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण गटातला सगळा नफा तिथे साठलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या नोरीन वेब यांनी गटात बसलेल्या मुलांची बोलणी वर्षानुवर्षे टिपून ठेवली. त्यांना दिसले की दुसऱ्याला कारणांसह समजावणाऱ्याचा फायदा होतो. ज्याला समजावले जाते त्याचाही होऊ शकतो, पण त्याने ते लगेच स्वतः वापरून पाहिले तर. आणि ज्याला नुसते उत्तर मिळते, 'बारा लिही', त्याचा काहीच होत नाही.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांना हे अपघाताने सापडले. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवत, पण ट्रक आणि मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर किती बल लावतो अशा साध्या प्रश्नावर चुकत. माझुर यांनी फळ्यावर समजावले. पुन्हा समजावले. समोर तेच गोंधळलेले चेहरे. शेवटी वैतागून ते म्हणाले, शेजाऱ्याशी बोला. वर्गात कल्लोळ झाला आणि दोन-तीन मिनिटांत उलगडाही. ज्याला गोष्ट नुकतीच कळली आहे त्याला ती का कळत नव्हती हे अजून आठवत असते. प्राध्यापकाला ते विसरून वीस वर्षे झालेली असतात. 1991 पासून त्यांनी यालाच पद्धतीचे रूप दिले: प्रश्न, एकट्याने विचार करून मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत.

यावर साहजिक शंका अशी की हुशार शेजाऱ्याचे उत्तर उचलले जात असेल. कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी आनुवंशशास्त्राच्या वर्गात तिची परीक्षा घेतली. 2009 साली ते काम 'सायन्स'मध्ये आले. चर्चेनंतर त्यांनी त्याच तत्त्वावरचा, पण वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न एकेकट्याने सोडवायला दिला. सुरुवातीला साधारण निम्म्यांचे उत्तर बरोबर होते, दुसऱ्या प्रश्नाला जवळजवळ पाऊण वर्गाचे. आणि नवलाची बाब म्हणजे ज्या गटांत सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हते, तिथेही सुधारणा दिसली. नक्कल करायला कोणी नसताना ती मुले बोलता बोलता उत्तरापर्यंत पोहोचली.

आता या सगळ्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा अभ्यास. 1970च्या दशकात बर्कलेच्या विद्यापीठात यूरी ट्रीझमन नावाचा गणिताचा संशोधक विद्यार्थी होता. कलनशास्त्राच्या पहिल्या वर्षात काळे विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चमकत, हे त्याला अस्वस्थ करी. त्याने प्राध्यापकांना कारणे विचारली. उत्तरे तयार होती: शिकण्याची ओढ कमी, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ही चारही उत्तरे जशीच्या तशी आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये खपून जातील. ट्रीझमनने 20 काळे आणि 20 चिनी विद्यार्थी निवडले आणि जवळपास दीड वर्ष त्यांच्या मागे मागे राहिला, वसतिगृहात, ग्रंथालयात, घरी. चारही कारणे ढासळली. काळ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आपापल्या शाळांतले अव्वल. त्यांच्या घरच्यांनी पोटाला चिमटा काढून त्यांना इथवर आणलेले. प्रवेश परीक्षेत गणितात उत्तम गुण मिळवलेलेसुद्धा बुडत होते.

फरक संध्याकाळी दिसला. 20 पैकी 18 काळे विद्यार्थी वर्गातल्या कोणाहीबरोबर कधीच अभ्यास करत नव्हते. चांगला अभ्यास एकट्यानेच होतो, या शिस्तीच्या जोरावरच ते शाळेत वर आले होते. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. चिनी विद्यार्थी आधी एकट्याने अभ्यास करत, आणि मग रात्री जमत. मिळून काही रांधत, जेवत, आणि वह्या उघडत. एकाचे उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळे आले तर तो कुठे चुकला हे शोधायचे. सगळेच अडले तर गणित खरोखर अवघड आहे, आपण मठ्ठ नाही, हे कळायचे. एखादा वरच्या वर्गातला चुलतभाऊ येऊन तोंडी परीक्षा घ्यायचा. ग्रंथालयातल्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या जायच्या. वर्गात आपण नेमके कुठे आहोत याचा त्यांना रोज अंदाज असे. काळा विद्यार्थी परीक्षेला बसे तो फक्त स्वतःच्या मनातल्या अंदाजावर. निकाल लागला की धक्का, आणि धक्क्याचा अर्थ तो एकच लावे, की हे आपल्याला झेपणारे नाही.

1978 साली ट्रीझमनने कार्यशाळा सुरू केल्या आणि दोन गोष्टी हट्टाने केल्या. एक, त्यांना 'कच्च्यांचे जादा वर्ग' होऊ दिले नाही. विद्यार्थ्यांना बोलावले ते गणितात पुढे जाऊ इच्छिणारे म्हणून, आणि गणिते दिली नेहमीपेक्षा अवघड. दुसरे, गटात बसले तरी आधी प्रत्येकाने स्वतः झगडायचे, मग बोलायचे. सोपे गणित गटाला लागतच नाही. ज्याला येते तो करून टाकतो. अवघड गणितापुढे मात्र शेजाऱ्याचे अर्धवट सुचलेलेही मोलाचे ठरते. कार्यशाळेतले काळे विद्यार्थी केवळ उत्तीर्ण झाले नाहीत. बाहेरच्या गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांनाही सरासरीत मागे टाकू लागले. अशा कार्यक्रमात हौसेनेच येणारे जास्त, त्यामुळे सगळे श्रेय पद्धतीला देता येत नाही, ही टीका रास्त आहे. पण आधीही ही मुले हौशीच होती, आणि बुडत होती.

आधी एकट्याने, मग मिळून. हा क्रम चिनी विद्यार्थ्यांच्या रात्रीत आहे, माझुर यांच्या वर्गात आहे, ट्रीझमनच्या कार्यशाळेत आहे, आणि त्यामागे स्मरणशक्तीचा एक गमतीदार नियम दिसतो. तिघांना शब्दांची यादी वाचायला दिली आणि मिळून आठवायला लावली, तर एकट्यापेक्षा नक्कीच जास्त शब्द आठवतात. पण तिघांनी वेगवेगळे आठवून याद्या एकत्र केल्या तर जेवढे मिळाले असते त्याहून कमी. दुसरा त्याच्या क्रमाने बोलत सुटला की आपल्या डोक्यातली मांडणी विस्कटते. म्हणून कोऱ्या डोक्याने गटात जाऊन बसणे तोट्याचे.

गटाला आणखी एक कीड लागते, ती मानाच्या उतरंडीची. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी हयातभर हे पाहिले की गटात जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो, आणि कोण जास्त बोलणार हे आधीच ठरलेले असते: वर्गात हुशार गणला गेलेला, प्रतिष्ठित घरातला, लोकप्रिय. आपल्याकडच्या गटात अक्षर चांगले म्हणून लिहायला मुलगी बसते आणि सादर करायला मुलगा उभा राहतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कोहेन यांचा उपाय शिक्षकाच्या निरीक्षणावर बेतलेला आहे. कामच असे निवडायचे की त्याला वाचन, आकृती, हाताने जुळवणे, तर्क असे अनेक प्रकारचे कसब लागेल आणि कोणा एकाकडे ते सगळे नसेल. मग दबून राहिलेल्या मुलाने खरोखर काही केले, की ते नेमक्या शब्दांत, सगळ्यांसमोर सांगायचे. पोकळ 'शाब्बास' नव्हे, तर आकृतीतली ही रेषा त्याने ओळखली म्हणून गट पुढे सरकला, असे. खोटी स्तुती मुले तात्काळ ओळखतात. चाळीस-पन्नासच्या वर्गात हे रोज करणे कठीण आहे, आणि 'गटकार्य करा' असे परिपत्रक काढणाऱ्यांनी हा हिशेब सहसा केलेला नसतो.

शेवटी स्पर्धेबद्दल, कारण आपल्याकडे हा आक्षेप ठरलेला: जगात स्पर्धा आहे, तिथे सहकार्य शिकून काय करायचे? पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जाऊन पाहावे. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले-मुली लाकडी फळ्यांनी वेगळ्या केलेल्या खुर्च्यांवर दिवसच्या दिवस बसतात. लोकसेवा आयोगाची परीक्षा, जागा थोड्या, उमेदवार लाखांत. याहून निखळ स्पर्धा कोणती? तरी त्याच मुलांचे चहाच्या टपरीवर चालू घडामोडींचे गट असतात, एकमेकांची उत्तरे तपासणे असते, मुलाखतीची रंगीत तालीम असते. त्यांचा हिशेब बरोबर आहे. लाखांच्या गर्दीत शेजारचा एक मित्र पुढे गेल्याने माझी संधी जवळजवळ तसूभरही कमी होत नाही, आणि त्याच्याशी रोज वाद घातल्याने माझी तयारी मात्र पुष्कळ वाढते. वीस जणांच्या तुकडीत, जिथे पहिल्या दोघांनाच फी माफ आणि दर महिन्याला भिंतीवर क्रमांक लागतात, तिथला हिशेब वेगळा. तिथे नोट्स लपवणाऱ्या मुलाला स्वार्थी म्हणण्याआधी ती यादी भिंतीवर कोणी लावली ते विचारायला हवे.